सहीपुरते साडेपाच

४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

नमस्कार, एक शिंक, आणि पुन्हा नमस्कार.

हाताने लिहिलेलं पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. फक्त माझा फोन अटकेत आहे. बाबांनी तो बेकरीच्या कोठीत, मैद्याच्या पोत्यांमागच्या कपाटात कुलपात ठेवलाय. मला सकाळी जाग येत नाही ती फोनमुळे, असं त्यांचं ठाम मत. फोन जाऊन बारा दिवस झाले आणि जाग अजून येत नाहीच. पण हे त्यांना कोण सांगणार? ज्या माणसाची भट्टी पहाटे तीनला पेटते त्याच्याशी झोपेवरून वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. भट्टीवरच्या भिंतीवर त्यांनी खडूने लिहूनच ठेवलंय, लवकर निजे लवकर उठे. पुढचं ज्ञान आणि आरोग्य धुराने पुसलं गेलंय.

आमच्या घरात दोन घड्याळं चालतात हे तुला माहीत आहे. बाबा तीनला उठतात, आई साडेपाचला दुकान उघडते, आणि संध्याकाळी सातला बाबा घोरायला लागतात. मी बरोबर त्याच वेळेला खरी जागी होते. गणितं सुटायला लागतात, नाक मोकळं होतं, आणि ट्रम्पेट असा लागतो की माझा मलाच विश्वास बसत नाही. तू ऐकलंयस. बाबांनी दोन वर्षांत एकदाही ऐकलेलं नाही, कारण त्यांची झोप मोडू नये म्हणून मी ट्रम्पेटच्या तोंडात टॉवेल कोंबून वाजवते. सकाळी मात्र माझा अवतार बघण्यासारखा असतो. ओळीने चौदा शिंका, नाक बंद, छातीत बारीक शिट्टी. बाबा मला गिऱ्हाइकांसमोर घुबड म्हणतात. गिऱ्हाइकं हसतात, मीही हसते.

आता मुद्द्याचं. १६ मार्चला सकाळी साडेसहाला आमच्या बँडची निवड आहे. अकरा जणांतून एक पहिला ट्रम्पेट. वार्षिक कार्यक्रमात एकट्याने वाजवायचा तुकडा त्यालाच मिळतो. त्या तुकड्यात एक लांब सूर आहे, एका दमात बारा मोजेपर्यंत धरायचा. संध्याकाळी मी तो सोळापर्यंत नेते. सकाळी सहावर माझा बार फुसका. सकाळच्या सरावाला मी नऊ वेळा उशिरा गेले, दोनदा गेलेच नाही. बँडमास्तर म्हणतात, हात चांगला आहे पण हाड आळशी आहे. मावशी, मला हा तुकडा हवाय. एवढं दुसरं काहीही नकोय.

आणि एक गंमत, तुमच्या डॉक्टरबाईंचा झोपेचा आणि अ‍ॅलर्जीचा तो सर्व्हे आमच्या शाळेतही आला. मी मिरवून सगळ्यांना सांगितलं की हा माझ्या मावशीच्या दवाखान्याचा. फॉर्म भरून लगेच दिलासुद्धा.

तुझी,
घुबड


९ फेब्रुवारी

लाडके घुबडे,

तुझं पत्र आलं तेव्हा मी एका सहा वर्षांच्या मुलाला मशीनवर फुंकायला शिकवत होते. पडद्यावर मेणबत्त्या दिसतात, मुलाने नळीत फुंकून त्या विझवायच्या, म्हणजे फुप्फुसाचा जोर कळतो. त्याने फुंकायच्या ऐवजी नळी चोखली. पंधरा वर्षं हेच काम करतेय, तरी रोज कुणीतरी नवीन पद्धत काढतोच.

पण आज मला त्या मेणबत्त्यांचं काही पडलेलं नाही. सर्व्हेचे फॉर्म मोजून झाले, आणि मला कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये. सहा शाळा, अकराशे मुलं, तेरा ते सतरा वर्षांची. प्रत्येकाला दोनच गोष्टी विचारल्या होत्या. तुला मनापासून कधी जागं राहायला आवडतं, कधी उठायला आवडतं? आणि वर्षभरात शिंका, चोंदलेलं नाक, छातीतली घरघर, खाजरं अंग, यातलं काय काय झालं? मी आणि डॉक्टरबाई जमिनीवर बसून गठ्ठे लावत होतो. सकाळचे इकडे, संध्याकाळचे तिकडे, मधले मध्ये. आणि राणी, संध्याकाळच्या गठ्ठ्यात शिंकणारे आणि घरघरणारे कितीतरी जास्त निघाले. बाई तर चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधत होत्या.

म्हणजे तू एकटी नाहीस. तुझं घुबड असणं आणि तुझ्या शिंका यांचं काहीतरी नातं आहे. उशिरापर्यंत जागणाऱ्यांचं शरीर सकाळी आजारी असतं, आळशी नसतं. हे मी आज छातीठोकपणे सांगते.

एक मात्र चमत्कारिक झालं. तुझी शाळा उलटी निघाली. पाच शाळांत शिंकणारी मुलं संध्याकाळच्या गठ्ठ्यात, आणि तुमच्या शाळेत तीच मुलं सकाळच्या. फॉर्मवर नावं नसतात, शाळेचा आकडा तेवढा असतो, त्यामुळे तुझा कोणता ते मला ठाऊक नाही. पण तुमचा संध्याकाळचा गठ्ठा इतका बारीक की त्यात तू आणि आणखी दोन-चार भुतं असणार. बाई दोन दिवस त्यावरच विचार करतायत. तुमच्या पाण्यात काही आहे का? इमारत सावलीत आहे का? मी तर सुचवलं की बँडच्या सकाळच्या फुंकण्यामुळे काही होत असेल. बाईंनी ते वहीत लिहूनही घेतलं.

रोज काय काय होतं ते मला लिहीत जा. आणि भाऊजींशी भांडू नकोस. तीनला उठणाऱ्या माणसाला दुपारी बारानंतर कुणी शहाणपण शिकवू नये.

तुझी मावशी


१४ फेब्रुवारी

मावशी,

तुझ्या पत्राने माझं वाटोळं झालं.

पत्र हातात पडलं आणि मला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते छातीशी धरून धावतच बँडच्या खोलीत गेले. त्या दिवशी सरावाला सत्तावीस मिनिटं उशीर झाला होता. मास्तरांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, आधी हे ऐका. आणि सगळ्यांसमोर तुझं वाक्य मोठ्याने वाचलं, उशिरापर्यंत जागणाऱ्यांचं शरीर सकाळी आजारी असतं, आळशी नसतं. वर हेही सांगितलं की अकराशे मुलांवर सिद्ध झालंय. बासरीवाल्या मुली टाळ्या वाजवायला लागल्या.

मास्तरांनी शांतपणे विचारलं, आजारी म्हणजे काय? मी ऐटीत म्हटलं, घरघर, म्हणजे दमाच जवळजवळ. ते म्हणाले, "दमा असेल तर फुंकायचं वाद्य तुझ्या हातात देऊन मी माझ्या डोक्यावर पाप घेणार नाही." आणि वहीतलं माझं नाव पेन्सिलीने खोडलं. डॉक्टरांचं पत्र आण, नाहीतर त्रिकोण वाजव. मावशी, त्रिकोण. दर चार मिनिटांनी एकदा टिंग करायचं.

मला माहीत आहे, धावत जायला तू सांगितलं नव्हतंस. पण तू छातीठोकपणे लिहिलं होतंस. घरी मी कुणालाच काही सांगितलेलं नाही. बाबा रोज विचारतात, आज किती वाजता पोचलीस, आणि मी सांगते, वेळेवर.

खोडलेलं नाव,
घुबड


१८ फेब्रुवारी

बाळा,

चूक माझी आहे, निम्मी तरी. आम्ही गठ्ठे लावले आणि मी सुतावरून स्वर्ग गाठला. बाईंना तुझं पत्र वाचून दाखवलं तर त्यांनी मला समोर बसवून पहिलीच्या पोरीसारखं समजावलं. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही. उशिरा झोपल्यामुळे नाक बिघडतं, की नाक बिघडल्यामुळे झोप उशिरा लागते, की तिसरंच काहीतरी दोन्ही घडवून आणतं, हे आपल्याला ठाऊक नाही. आमच्या फॉर्मवर तर ते कळणारच नाही. नातं दिसलंय, बाप कोण ते दिसलेलं नाही, असं त्या म्हणाल्या. तेव्हा छातीठोकपणे लिहिलेलं ते वाक्य मी मागे घेते. पण तू आळशी नाहीस हे मात्र मागे घेणार नाही.

आता रडणं पुरे. सोबत एक खोका पाठवतेय. त्यात फुंकायचं मीटर आहे, पांढरी नळी, त्यावर सरकणारा काटा. रोज उठल्याउठल्या आणि रोज संध्याकाळी, उभं राहून, पोटभर श्वास घेऊन एकदम जोरात फुंकायचं. तीनदा. सगळ्यांत मोठा आकडा वहीत. ट्रम्पेटसारखं गाल फुगवून नाही, नाहीतर काटा तुला हसेल. वही घेऊन आईबरोबर तुमच्या डॉक्टरांकडे जा. आईला खरं सांग, ती माझी बहीण आहे, ओरडेल आणि लगेच पर्स उचलेल. डॉक्टर औषध देतील तर ते घ्यायची रीत मी फोनवर आईला सांगेन, कारण दहातली सात माणसं नाकाचा फवारा चुकीचा मारतात आणि मग औषधाला शिव्या देतात.

आणि एक विचारायचं राहिलं. बाकीच्या शाळांत फॉर्म वर्गात बसून भरले. तुमच्याकडचे आठवडाभर उशिरा आले. का गं?

तुझी मावशी


२७ फेब्रुवारी

मावशी, मावशी, मावशी,

आधी आकडे. पहिल्या दिवशी सकाळी २८०, संध्याकाळी ३६०. दुसऱ्या दिवशी २७५ आणि ३६५. तिसऱ्या दिवशी २७० आणि ३६०. पाचव्या दिवसापर्यंत तस्संच. डॉक्टरांनी वही बघितली आणि भुवया वर केल्या. म्हणाले, असं नीट लिहून आणणारा पेशंट मला सहा महिन्यांत भेटला नाही. तपासण्या केल्या. धुळीची अ‍ॅलर्जी आणि सौम्य दमा. मैद्याची नाही निघाली, आईने तिथेच देवाचे आभार मानले. नाकाचा फवारा, इनहेलर, गादी-उशीला वेगळी खोळ. (बाबांना आम्ही सर्दीचं औषध एवढंच सांगितलंय.) आणि पत्र दिलं त्यांनी मला, सही-शिक्क्याचं: औषध नीट चालू असेल तर ही मुलगी ट्रम्पेट वाजवू शकते. मी ते मास्तरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी तीनदा वाचलं, खोडलेलं नाव पुन्हा लिहिलं, आणि वेळ साडेसहाचीच, असं बजावलं.

हा झाला आनंद. आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते.

आमच्या मुख्याध्यापकांचा नियम आहे, तब्येतीबद्दलचा कुठलाही कागद घरी जातो आणि खाली पालकांची सही होऊनच परत येतो. त्यामुळे तुमचे फॉर्म घरी आले. मी जेवणाच्या टेबलावर भरायला बसले तेव्हा बाबा समोरच पेन धरून थांबले होते, सही करायला. तुला मनापासून कधी उठायला आवडतं, असा प्रश्न आला. मावशी, मी खूण केली पहाटे साडेपाचवर. बाबांनी ते वाचलं आणि इतके खूश झाले की सही करताना कागदावर पिठाचा अंगठा उमटला. पुढच्या सगळ्या खुणा मी त्याच्याशी जुळवून केल्या. शिंका मात्र खऱ्या लिहिल्या, त्या बाबांना ऐकूच येतात.

तुमच्या सकाळच्या गठ्ठ्यात मी आहे. तिकडे त्या बारीक गठ्ठ्यात नाही.

मग माझ्या डोक्यात आलं, मी एकटीच कशी असेन? काल बँडमधल्या मुलांना एकेकाला कोपऱ्यात घेऊन विचारलं. विचारलं त्या बारापैकी आठ जणांनी खोटं लिहिलंय. एकीचा फॉर्म तर तिच्या आईनेच भरला. आणि हे ऐक, जे जास्त आजारी असतात तेच जास्त खोटं बोललेत. कारण ज्यांना दम लागतो त्यांच्याच घरी रोज ऐकावं लागतं, जागत बसतोस म्हणून होतं. ढोलवाल्याला कधी सर्दी होत नाही, त्याला घरी कुणी काही म्हणत नाही, त्याने बिनधास्त खरं लिहिलं, रात्रीचा राजा. म्हणून आमची शाळा उलटी आहे. पाण्यात काही नाही, सावलीतही नाही. खाली सही आहे म्हणून.

रागावली असशील तर रागाव, पण आधी हे डॉक्टरबाईंना सांग.

तुझी,
साडेपाचची घुबड


३ मार्च

माझ्या वाघिणी,

रागावू? मी दवाखान्यात तीन खुर्च्या ओलांडून बाईंच्या खोलीत शिरले, आत पेशंट होता, तो घाबरला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. ते फॉर्म तीन आठवडे माझ्याच टेबलावर होते. प्रत्येकावर खाली पालकाची गिचमीड सही होती, मी ती दोनशे वेळा बघितली आणि बँडच्या फुंकण्याचा सिद्धांत मांडत बसले. तुझं नाव मी सांगितलं नाही, एका विद्यार्थिनीने लिहिलंय एवढंच म्हटलं. बाई स्टुलावर बसल्या आणि इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. म्हणाल्या, माणसांच्या अंगातलं घड्याळ मोजायला निघालो होतो, मोजली त्यांच्या घरातली दहशत.

आता ठरलंय ते असं. तुमच्या शाळेचे सगळे फॉर्म बाद. ८ तारखेला बाई आणि मी स्वतः शाळेत येतोय. पालकांची परवानगी वेगळ्या चिठ्ठीवर, आधीच घेतलेली. फॉर्म वर्गात भरायचा, घडी घालायची, डब्यात टाकायचा. ना नाव, ना सही. आणि बाईंनी आणखी एक काढलंय, पालकांसाठी त्यांचा स्वतःचा कागद. तोही बिननावाचा. तुम्हाला कसलंच बंधन नसतं तर तुम्ही कधी उठला असतात? बघू तरी आईबापांचे गठ्ठे कसे लागतात.

पुढचं नीट वाच. भाऊजींना हे मी सांगणार नाही. सांगितलं तर त्यांना ते मेहुणीकडून कळेल, आणि आपल्या मुलीने आपल्याला घाबरून खोटं लिहिलं हे माणसाला मेहुणीकडून कळू नये. नवा फॉर्म भरायच्या आधी तू सांग. दुपारी सांग, जेवण झाल्यावर, ते खुर्चीत पाय सोडून बसतात तेव्हा. सरावाला वेळेवर पोचते म्हणून सांगत होतीस तेही.

तुझी मावशी


१२ मार्च

प्रिय मावशी,

८ तारखेला तू शाळेत मला बघून न बघितल्यासारखं केलंस, त्यासाठी आभारी आहे. आठवीच्या मुली म्हणत होत्या, त्या नळीवाल्या बाई फार कडक दिसतात. मी खाली मान घालून हसले.

बाबांना आदल्या दिवशीच सांगितलं. तू म्हणालीस तसं, दुपारी, खुर्चीत. मी पाठ करून गेले होते पण पहिल्या वाक्यालाच सगळं विसरले आणि उलटसुलट कसंही सांगितलं. फॉर्म, साडेपाच, सत्तावीस मिनिटं, दमा, त्रिकोण. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. बराच वेळ हाताच्या सालपटलेल्या कातडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं होतं, तेवढ्यापुरती तरी तू माझ्यावर गेलीस." आणि उठून आत गेले.

त्यानंतर पाच दिवस आमचं बोलणं म्हणजे, मीठ दे, दार लाव. घुबड म्हणणंही बंद झालंय. मला त्याने इतकं चुकल्याचुकल्यासारखं होईल असं वाटलं नव्हतं. आई म्हणते, त्यांना वेळ दे, पीठ फुगायला पण वेळ लागतो.

आज दुपारी एक विचित्र गोष्ट झाली. बाबा एप्रन न काढता, पायात बेकरीच्या चपला तशाच, शाळेच्या दिशेने गेले. खिडकीतून मी बघितलं. मास्तरांच्या खोलीत गेले असतील का? माझी तक्रार करायला? मला निवडीतून काढायला? निवडीला चारच दिवस उरलेत.

आकडे मात्र ऐक. औषधाचे पंधरा दिवस झाले, काल सकाळी ३३५, आज ३४०. सकाळचा सूर सहावरून नऊवर आलाय. बारा नाही, पण नऊ. झोप अजून उशिराच येते, ते काही औषधाने गेलं नाही. पण आता मी आडवी पडले की नाक बंद होऊन तासभर उठून बसावं लागत नाही. म्हणजे बाईंना सांग, माझ्यापुरता थोडा बाप सापडलाय. थोडाच.

घाईत,
तुझी


१७ मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद. तुला मी याआधी कधी पत्र लिहिलं नाही. तुझ्या बहिणीने लिही म्हणून सांगितलं, आणि घरातली दुसरी लिहिणारी अजून झोपलेली आहे. सकाळचे अकरा वाजलेत. आज तिला कुणी उठवायचं नाही असं मी सांगितलंय.

१२ तारखेला मी बँडमास्तरांकडे गेलो होतो. रदबदली करायला नाही, विचारायला. मी त्यांना म्हटलं, वार्षिक कार्यक्रम किती वाजता असतो? ते म्हणाले, संध्याकाळी सहाला. मग निवड सकाळी साडेसहाला का? ते म्हणाले, हॉल तेव्हाच मोकळा मिळतो, दुपारी तिथे टेबल टेनिस चालतं. वीस वर्षं असंच चाललंय. मी म्हटलं, माझी बेकरी दुपारी एकनंतर मोकळी असते, तुमच्या हॉलच्या निम्मी आहे पण छत उंच आहे. मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मी एप्रनवरच गेलो होतो. मग त्यांनी सांगितलं की पितळेचं वाद्यही सकाळी गारठलं की सूर खाली लागतो, त्यांना स्वतःलाही सकाळची निवड कधी आवडली नाही, पण कुणी विचारलं नाही.

तर निवड काल दुपारी चारला माझ्या बेकरीत झाली. हवेत पीठ राहू नये म्हणून मी आणि दोघा कारागिरांनी पूर्ण जागा दोनदा ओल्या फडक्याने पुसली, भिंतीसकट. माझ्या वडिलांच्या काळापासून ती इतकी स्वच्छ झाली नव्हती. सगळ्या खिडक्या सकाळपासून उघड्या. अकरा मुलं मळायच्या टेबलाभोवती उभी राहिली. पालकांना बाहेर थांबायला सांगितलं होतं, पण बेकरी माझी आहे, मी कोठीच्या दारात उभा राहिलो.

ती आठवी होती. मी मोजत होतो. बारा झाले, चौदा झाले. सतरा मोजले. मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली.

तुला खरं सांगतो. तो सूर मी ओळखला. रोज मला झोप लागताना तो कानावर यायचा, दबका, लांब. दोन वर्षं मी समजत होतो, शेजाऱ्यांची पाण्याची मोटर चालते. एकदा मी त्यांच्याशी भांडलोसुद्धा. ते बिचारे सांगत होते की आमच्याकडे मोटरच नाही.

शाळेचे नवे गठ्ठे आता सुलट लागले, हे तुझ्या बहिणीकडून कळलं. डॉक्टरबाईंनी आम्हा पालकांसाठी तो कागद पाठवला होता. कुणी बघत नव्हतं, म्हणून मी खरं लिहिलं. कधी उठला असतात? नऊ. मी चौदा वर्षांचा असताना वडील मला तोंडावर ओलं फडकं मारून तीनला उठवायचे. सुरुवातीची कित्येक वर्षं मी मळताना उभ्याउभ्या झोपायचो. शिंकाही यायच्या, त्या पिठाच्या असतील असं धरून चाललो. नंतर सवय झाली आणि सवयीचा अभिमान वाटायला लागला. पोरीला मी म्हणालो होतो की ती माझ्यावर गेली नाही. ते चुकीचं होतं. मी ते तिला काल सांगितलं, मुलं गेल्यावर, भट्टीजवळ. ती रडली. मलाही आवरलं नाही. मग ती म्हणाली, "बाबा, मग तुम्हीपण घुबड." मी म्हटलं, थोरलं.

तुझी बहीण सांगते, मी त्या मीटरमध्ये एकदा फुंकून बघावं. फुंकलं. आकडा सांगत नाही. पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे येतोय, तुझ्या त्या मेणबत्त्या विझवायला. वार्षिक कार्यक्रम ३० तारखेला आहे, तू यायचंच.

आज पहाटे भट्टी पेटवायला मला उशीर झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पाव निघायला सात वाजले आणि दारात गिऱ्हाइकांची रांग लागली. रोजचे म्हातारे शिक्षक विचारत होते, काय झालं, तब्येत बरी आहे ना? मी म्हटलं, मुलगी पहिली आली. उशिराचं ते काही कारण नव्हतं, पण दुसरं मला सुचलं नाही. मग त्यांच्या मागच्यालाही तेच सांगितलं, आणि त्याच्या मागच्यालाही.

तुझे,
भाऊजी